एकदा मिळालेले तारण जाऊ शकते का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. कॅथलिक घरात जन्म, तान्हेपणी स्नानसंस्कार, म्हणजे कॅथलिकांचा बाप्तिस्मा. विशीत बाप्टिस्ट मंडळीत प्रभूला स्वीकारले आणि पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेतला. पुढे काही वर्षांत सगळेच सुटले: आधी उपासना, मग प्रार्थना, शेवटी देव आहे हा विश्वाससुद्धा. आता तुम्ही परतला आहात आणि तीन माणसे तीन गोष्टी सांगत आहेत. बाप्टिस्ट पाळक म्हणतात, पहिला विश्वास खरा असेल तर तारण, म्हणजे ख्रिस्ताने पापातून केलेली सुटका, कधी गेलेच नव्हते, आणि खरा नसेल तर ते मुळात मिळालेच नव्हते. पेंटेकॉस्टल मेहुणा म्हणतो, गेले होते, आता पुन्हा मिळाले. आई म्हणते, फादरांकडे जाऊन पापनिवेदन कर आणि डोक्यातला गोंधळ थांबव. कोणता पंथ नेमके काय मानतो, त्यात बरोबर कोण, आणि आता पुन्हा बाप्तिस्मा घ्यायचा का, असे तुम्ही विचारले आहे.

मी मेथडिस्ट पाळक. मंडळीच्या शिकवणुकीचा इतिहास बरीच वर्षे शिकवला, तोही निरनिराळ्या पंथांचे विद्यार्थी एकाच वर्गात बसवून. माझा कल लपवत नाही: माणूस कृपेतून पडू शकतो असे माझा पंथ मानतो आणि मीही मानतो. समोरच्याचे म्हणणे त्याला स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत मांडायचे, हा वर्गातला नियम मात्र इथेही पाळतो.

तुमच्या बोलण्यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. एक शिकवणुकीचा, त्याचे उत्तर पंथांच्या विश्वासांगीकारांतून, म्हणजे पंथ काय मानतो ते सांगणाऱ्या अधिकृत लेखी निवेदनांतून, देता येते. दुसरा, ‘मी आज देवापुढे कुठे उभा आहे?’ याचे उत्तर तुमच्याविषयी मला ठाऊक नसलेल्या गोष्टींवर अवलंबून आहे: विश्वास का सुटला, कसा परतला, आज मनात धास्ती आहे की बेफिकिरी. म्हणून आधी पहिला घेतो.

‘तारण जाते’ म्हणणारे म्हणजे कोपऱ्यातला एखादा कडक गट, अशी बऱ्याच प्रोटेस्टंट लोकांची समजूत असते. ती खरी नाही. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मिळून जगातल्या ख्रिस्ती लोकांपैकी निम्म्याहून अधिक होतात, आणि दोघांचेही उत्तर ‘जाऊ शकते’ असेच आहे. ‘कधीच जात नाही’ हे ठाम उत्तर ख्रिस्ती इतिहासात तुलनेने उशिरा, सोळाव्या शतकात, आकाराला आले. उशिरा आले म्हणून ते चूक ठरत नाही, पण क्रम ठाऊक असलेला बरा.

तुमच्या आईच्या सल्ल्यामागे कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेचा 13 जानेवारी 1547 चा ठराव आहे. नीतिमान ठरलेला माणूस घोर पाप करून कृपा गमावू शकतो, असे तो सांगतो. ‘घोर’ कशाला म्हणायचे याच्याही तीन अटी आहेत: गोष्ट मुळात गंभीर हवी, ती गंभीर आहे हे करणाऱ्याला नीट ठाऊक हवे, आणि त्याने ती राजीखुशीने केलेली हवी. तिन्हींपैकी एक जरी नसली तरी ते त्या अर्थाने आत्म्याला मारक पाप होत नाही. शिवाय ट्रेंटच्याच म्हणण्यानुसार अशा पापाने कृपा गेली तरी विश्वास गेलाच असे नाही. विश्वास जातो तो विश्वास नाकारल्याने. परतीची वाट म्हणजे पापनिवेदन, आणि ती कितीही वेळा उघडी. आणखी एक गोष्ट ट्रेंटने बजावली: देवाने खास प्रकट केल्याशिवाय ‘मी शेवटपर्यंत टिकणारच’ असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये. आशा धरावी, हमी मागू नये, असा तो सूर आहे.

ऑर्थोडॉक्स मंडळींना हा प्रश्नच जरा अडनिडा वाटतो. त्यांच्या दृष्टीने तारण म्हणजे देवाच्या जीवनात आयुष्यभर अधिकाधिक सहभागी होत जाणे. त्या वाटेवरून माणूस मागे फिरू शकतो, पुन्हा वळू शकतो. ‘अमुक तारखेला तारण झाले’ ही भाषाच तिथे फारशी चालत नाही, त्यामुळे ‘अमुक तारखेला गेले’ हीदेखील नाही.

आता प्रोटेस्टंटांकडे वळू. लूथरन, रिफॉर्म्ड (म्हणजे जॉन कॅल्विनच्या परंपरेतले) आणि मेथडिस्ट हे तिघे एकाच माणसावरून कसे वेगळे होतात ते दाखवले की निम्मे काम होते. वर्गात मी याच उदाहरणावरून शिकवत असे. तो माणूस म्हणजे दावीद राजा.

2 शमुवेल 11 आणि 12 वाचा. दावीद बथशेबेशी व्यभिचार करतो, तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत पुढे घालून मारवतो, तिच्याशी लग्न करतो. मूल जन्माला येते, आणि त्यानंतर नाथान संदेष्टा येऊन त्याला तोंडावर सांगतो, ‘तो मनुष्य तूच आहेस.’ म्हणजे मधे निदान नऊ महिने गेले. या नऊ महिन्यांत दाविदाची स्थिती काय होती?

लूथरचे उत्तर 1537 च्या श्मालकाल्ड कलमांत आहे: अशा उघड पापात पडल्यावर विश्वास आणि पवित्र आत्मा दोन्ही त्याला सोडून गेले होते. त्याआधी 1530 च्या आउग्सबुर्ग या लूथरन विश्वासांगीकाराने, एकदा नीतिमान ठरलेला माणूस पवित्र आत्मा गमावूच शकत नाही असे म्हणणाऱ्यांचा नाव घेऊन निषेध केला होता. तरीही लूथरन लोक देवाच्या निवडीवर, म्हणजे कोणाला तारायचे हे देवाने आधीच ठरवले आहे यावर, ठाम असतात. निवडलेल्यांचे तारण देवाच्या हाती पक्के आहे आणि विश्वासणारा पडूही शकतो, ही दोन्ही वाक्ये ते शेजारी ठेवतात आणि त्यांची गाठ तर्काने सोडवायला जात नाहीत. घाबरलेल्या माणसाला लूथर आत डोकावायला सांगत नाही. ‘माझा बाप्तिस्मा झाला आहे’ हे धरून राहा म्हणतो, कारण ते वचन देवाने दिलेले आहे, तुमच्या मनाने नव्हे. माझ्या अनुभवात या विषयावर सर्वांत शांत झोपणारे विद्यार्थी लूथरन होते.

रिफॉर्म्ड उत्तर 1618-19 मध्ये नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या सभेत ठरले. त्यातल्या पाचव्या भागात दाविदाचे आणि पेत्राचे नाव घेऊन म्हटले आहे की संतही भयंकर पापांत पडू शकतात, देवाला दुखवतात, कृपेची जाणीवही काही काळ हरवून बसतात. पण देव आपला आत्मा त्यांच्यातून पूर्णपणे काढून घेत नाही. नव्या जन्माचे बीज आत जिवंत राहते आणि देव त्यांना पश्चात्तापाकडे नक्की आणतो. वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे इंग्रजी भाषेतल्या रिफॉर्म्ड मंडळींच्या, विश्वासांगीकारातले सतरावे प्रकरण हेच सांगते. स्तोत्र 51 वरून रिफॉर्म्ड शिक्षक एक बारीक गोष्ट दाखवतात: दावीद तारण परत मागत नाही, तारणाचा आनंद परत मागतो. त्यावर लूथरन विद्यार्थी त्याच्या आधीच्याच ओळीवर बोट ठेवतो, ‘तुझा पवित्र आत्मा माझ्यातून काढून घेऊ नको’, आणि विचारतो, काढून घेतला जाणे शक्यच नसेल तर ही विनवणी कशासाठी? दर वर्षी हा वाद तास संपला तरी संपत नसे.

जॉन वेस्ली, आमचा मेथडिस्टांचा, दाविदाचे पतन पायरीपायरीने दाखवतो. आधी सावधगिरी सुटते, मग आतली वासना आत्म्याच्या इशाऱ्याकडे काणाडोळा करते, मग प्रेम आणि विश्वास विझतात, आणि उघड पाप सर्वांत शेवटी येते. म्हणजे एका पापाने तारण तडकाफडकी उडून जात नाही. विश्वास आतून मरत आलेला असतो, कृती त्याची फक्त साक्ष देते. 1784 मध्ये अमेरिकन मेथडिस्टांसाठी त्याने जी 24 कलमे ठरवली, त्यांतले बारावे सांगते की पवित्र आत्मा मिळाल्यावरही आपण कृपेपासून दूर जाऊन पापात पडू शकतो आणि देवाच्या कृपेने पुन्हा उठू शकतो. हे कलम अँग्लिकनांच्या 39 कलमांतले सोळावे आहे, जवळजवळ जसेच्या तसे. अँग्लिकनांकडे लगेच पुढचे सतरावे कलम मात्र देवाच्या पूर्वनिवडीचे आहे, म्हणून त्या पंथात दोन्ही मतांचे लोक सुखाने नांदतात. 1595 मध्ये काहींनी लॅम्बेथ इथे नऊ ठाम कॅल्विनवादी कलमे लिहून हा प्रश्न कायमचा मिटवायचा प्रयत्न केला. राणी एलिझाबेथला ते रुचले नाही आणि तो बारगळला.

डच धर्मपंडित आर्मिनियस याच्या अनुयायांविषयी एक गंमत सांगायची राहिली. ‘तारण जाऊ शकते’ हे मत सर्रास त्यांच्या नावावर खपते. पण 1610 मध्ये त्यांनी जी पाच कलमे मांडली, त्यांतल्या पाचव्यात त्यांनी हा प्रश्न उघडाच ठेवला होता: खरा विश्वासणारा पडू शकतो का, हे शास्त्रातून अधिक तपासल्याशिवाय आम्ही ठामपणे शिकवणार नाही. ठाम मत नंतर, वादाच्या धगीत, बनले. वाद असाच माणसाला कडेला ढकलतो.

तुमच्या पाळकांचे मत समजून घेताना एक फरक नीट ध्यानात घ्या. ‘संत शेवटपर्यंत टिकतात’ आणि ‘एकदा तारण, सदैव तारण’ या दोन गोष्टी सारख्या वाटतात, सारख्या नाहीत. पहिली डॉर्टची. तिच्यात टिकणे हा तारणाचाच भाग आहे, आणि जो शेवटपर्यंत टिकला नाही त्याच्यात नवा जन्म झालाच नव्हता असे ती म्हणते. दुसरीचे एक टोकाचे रूप असे आहे की एकदा मनापासून विश्वास ठेवला की नंतर विश्वास सोडला तरी स्वर्ग पक्का, फार तर बक्षीस बुडेल. असे उघड शिकवणारे थोडे आहेत, पण लोकांच्या तोंडी तेच जास्त फिरते, कारण ते ऐकायला सोपे आहे. कॅल्विनला ते ऐकून घाम फुटला असता. सदर्न बाप्टिस्टांचे अधिकृत पत्रकही पहिल्याच्या जवळ आहे: सर्व खरे विश्वासणारे शेवटपर्यंत टिकतात. आणि बाप्टिस्ट सगळे एका माळेचे मणी नाहीत. फ्री विल बाप्टिस्ट नावाचा गट तारण गमावता येते असे मानतो. तेव्हा ‘बाप्टिस्ट काय मानतात’ असे न विचारता ‘आपली मंडळी कोणत्या विश्वासांगीकाराला बांधलेली आहे’ असे पाळकांना विचारा.

मेहुण्याच्या बाजूला पुष्कळ लोक आहेत: असेम्ब्लीज ऑफ गॉडसारखे पेंटेकॉस्टल, नाझरीन, साल्व्हेशन आर्मी, मेनोनाइट, ॲडव्हेंटिस्ट. साल्व्हेशन आर्मीच्या शिकवणुकीत तर साफ लिहिले आहे की तारणाच्या स्थितीत राहणे हे ख्रिस्तावरच्या आज्ञाधारक विश्वासात चालत राहण्यावर अवलंबून आहे. पण या गटातही खरा फरक पुढच्या प्रश्नावर पडतो: तारण जाते ते कशाने? एखाद्या पापाने, पापात मुक्काम ठोकल्याने, की ख्रिस्तालाच नाकारल्याने? काही प्रचारक असे बोलतात की सकाळी चिडलात तर तारण गेले, दुपारी क्षमा मागितलीत तर आले. जबाबदार पेंटेकॉस्टल शिक्षक असे शिकवत नाहीत. दोन्ही एकाच पंथाच्या नावाखाली चालते, म्हणून मेहुण्यालाही हाच उलटप्रश्न विचारा.

शास्त्रात दोन्ही बाजूंना भरपूर आधार सापडतात, आणि त्यांची यादी तुम्हाला कुठेही मिळेल. एका बाजूला योहान 10:28-29, रोमकर 8:38-39, फिलिप्पैकर 1:6. दुसऱ्या बाजूला योहान 15:6, रोमकर 11:22, गलतीकर 5:4. याद्या एकमेकांवर फेकून काही साधत नाही. मी एकच उतारा घेतो, कारण तो दोन्ही बाजूंना चावतो: इब्री 6:4-6.

तिथे काही माणसांचे वर्णन आहे. त्यांना एकदा प्रकाश मिळाला, स्वर्गीय दानाची चव त्यांनी घेतली, ती पवित्र आत्म्याची भागीदार झाली, देवाच्या सुवचनाची आणि येणाऱ्या युगाच्या सामर्थ्याची रुची त्यांनी घेतली. आणि मग ती पतित झाली. लेखक म्हणतो, अशांना पश्चात्तापासाठी पुन्हा नवे करणे अशक्य आहे.

रिफॉर्म्ड वाचक इथे दोन प्रकारे उत्तर देतो. पहिले: हे लोक मंडळीत बसले, सगळे जवळून अनुभवले, पण मूळ धरले नाही. पुढच्याच वचनांत पाऊस पिऊन काटे उगवणारी जमीन आहे, आणि नवव्या वचनात लेखक वाचकांना म्हणतो की तुमच्याविषयी आम्हाला याहून चांगल्या, तारणाशी निगडित गोष्टींची खात्री आहे. म्हणजे वर वर्णिलेल्या गोष्टी तारणाच्या पूर्ण खुणा नव्हत्या. दुसरे उत्तर मला अधिक वजनदार वाटते: इशारा हेच देवाचे टिकवून ठेवण्याचे साधन आहे. त्यासाठी ते प्रेषितांची कृत्ये 27 कडे नेतात. वादळात पौलाला वचन मिळाले आहे की तारवातला एकही जीव जाणार नाही. तरीही खलाशी पळू लागल्यावर पौल सांगतो, हे तारवात राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. वचन पक्के होते आणि इशाराही खरा होता, आणि इशारा ऐकला म्हणूनच वचन पुरे झाले. या युक्तिवादाला मी आजही मान देतो.

तरी ‘पवित्र आत्म्याचे भागीदार’ हे शब्द बाहेरच्या माणसाला लावताना मला ओढाताण वाटते. माझा कल तिथे ठरतो. पण आमच्या बाजूची अडचणही मोठी आहे. आम्ही म्हणतो तारण जाते आणि परत मिळते. हा उतारा तर म्हणतो, गेले की परत आणणे अशक्य! काही फ्री विल बाप्टिस्ट तो शब्दशः घेतात: खऱ्या धर्मत्यागाला परत वाट नाही. आमच्यातले बरेच जण म्हणतात की ही अशक्यता माणूस ख्रिस्ताला झिडकारत राहतो तोपर्यंतची आहे. व्याकरणाच्या दृष्टीने तसे वाचता येते, पण ते एकमेव वाचन आहे असे मी म्हणणार नाही.

या शब्दांची खरी परीक्षा मात्र ग्रंथालयात झाली नाही. इ. स. 250 मध्ये रोमन सम्राट डेशियसने हुकूम काढला की प्रत्येकाने देवतांना यज्ञ करावा आणि तसा दाखला घ्यावा. इजिप्तमध्ये पपायरसवरचे असे दाखले सापडले आहेत. त्यांत अर्जदाराचे नाव, गाव, मी यज्ञ केला आणि प्रसाद चाखला ही कबुली, आणि खाली साक्षीदार अधिकाऱ्याचे नाव असते. असंख्य ख्रिस्ती लोकांनी भीतीपोटी यज्ञ केला. काहींनी यज्ञ न करता पैसे देऊन नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर ही माणसे रडत दाराशी आली. रोममधला धर्मगुरू नोव्हेशियन म्हणाला, यांना आत घ्यायचे नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि त्याचे सहकारी यांनी 251 च्या सभेत ठरवले की घ्यायचे, पण प्रत्येकाचे प्रकरण पाहून आणि प्रायश्चित्तानंतर. दाखला विकत घेणाऱ्याला आणि प्रत्यक्ष यज्ञ करणाऱ्याला एकाच मापाने मोजायचे नाही, हेही ठरले. मुख्य मंडळी सिप्रियनच्या वाटेने गेली. तुम्ही आज ज्या दाराशी उभे आहात ते दार तेव्हाच उघडे ठेवले गेले.

आता तुमच्याकडे येतो.

समुपदेशनात माझ्यासमोर हा प्रश्न घेऊन दोन प्रकारची माणसे येतात. एक धास्तावलेली, दुसरी निर्धास्त. प्रत्येक पंथाची शिकवण म्हणजे औषध आहे असे धरले, तर एकाला गुणकारी तेच दुसऱ्याला अपायकारक ठरते. पोटच्या लेकरांना टाकून दुसरा संसार थाटलेला आणि ‘माझे तारण पक्के आहे’ म्हणणारा माणूस समोर बसतो, तेव्हा मी त्याला योहान 10 वाचून दाखवत नाही. गंमत अशी की डॉर्टला मानणारा पाळकही दाखवत नाही. तो म्हणेल, तुझ्या अशा वागण्याने तुझा नवा जन्म झाला होता का हेच संशयास्पद आहे. मी म्हणेन, तू कृपेतून पडतो आहेस. फादर म्हणतील, तू घोर पापात आहेस. तिघांच्या तोंडी निदान वेगळे, पण आज्ञा एकच: ऊठ आणि वळ.

उलट बाजूला, एक बाई माझ्याकडे यायच्या. तेच पाप पुन्हा पुन्हा कबूल करायच्या, प्रत्येक वेळी मागच्या कबुलीत काही राहिले असे त्यांना वाटायचे. प्रार्थनेत एखादा नको तो विचार आला की आपण पवित्र आत्म्याविरुद्ध अक्षम्य पाप केले असे म्हणून दिवसभर थरथरायच्या. अशा माणसाला सिद्धांत समजावून उपयोग होत नाही, पक्के वचनही त्यांच्या हातात गेल्यावर विरघळते. कॅथलिक परंपरेत अशा मनाला जुना सल्ला आहे: एकच पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू धर, त्याचे ऐक, मागची कबुली उकरू नकोस. मी तो मेथडिस्ट असूनही वापरला. सोबत त्यांना मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवले, आणि फरक पडला. सततची धास्ती हा दर वेळी विश्वासाचा प्रश्न असतोच असे नाही, कधी ते दुखणे असते.

इंग्रज कवी विल्यम कूपर याचे उदाहरण मी अनेकदा देतो. तो पक्का कॅल्विनवादी, म्हणजे ज्या शिकवणुकीत विश्वासणारा कधीच हरवत नाही तिच्यातला. जॉन न्यूटनसारखा पाळक त्याचा जिवलग मित्र. तरी 1773 मध्ये मन कोसळल्यावर देवाने आपल्याला टाकले आहे अशी त्याची समजूत झाली, ती 1800 मध्ये मरेपर्यंत पूर्णपणे गेली नाही. ‘निवडलेला पडत नाही’ हे त्याला मान्यच होते, ‘मी निवडलेला आहे’ हे मात्र मनाला पटेना. म्हणून ‘कधीच जात नाही’ असे शिकलो की भीती संपेल या आशेने पंथ बदलू नका. प्रश्न फक्त एक पायरी मागे सरकतो: ‘माझे तारण गेले का’ याऐवजी ‘ते खरे होते का’.

तुमची मधली वर्षे नेमकी या फटीत पडतात. पाळकांच्या मते त्या वर्षांत तुम्ही हरवलेले पण धरून ठेवलेले होता, किंवा अजून आत आलाच नव्हता. मेहुण्याच्या मते आत होता, बाहेर गेलात, परत आलात. आईच्या मते कृपेविना होता आणि वाट कन्फेशनमधून जाते. तिघांचे एकमत कुठे आहे ते बघा. त्या वर्षांत ‘मी ठीक आहे’ असे म्हणायला तुम्हाला आधार नव्हता, हे तिघांनाही मान्य. आज परतलेल्याला ख्रिस्त हाकलत नाही, हेही तिघांना मान्य. मतभेद उरतो तो मागे वळून त्या काळाला काय नाव द्यायचे एवढ्यापुरता. ते नाव ठरेपर्यंत आजचे जगणे अडवून धरू नका. कॅल्विननेसुद्धा सांगितले आहे की आपली निवड स्वतःत शोधायची नाही, ख्रिस्त हा तिचा आरसा आहे. तुमच्या पाळकांना हे वाक्य आठवून द्या, त्यांना आनंदच होईल.

एका गोष्टीचा शोध मात्र घ्या: विश्वास का सुटला होता. एखाद्या मृत्यूच्या दुःखात सुटला, मंडळीतल्या कोणी दुखावले म्हणून सुटला, की एखादे वागणे सोडायचे नव्हते म्हणून देवच सोडला? तिसरे असेल तर ते वागणे आजही तिथेच आहे का? पहिल्या दोन्ही कारणांत दुःख अजून ओले असेल तर त्याच्याविषयी कोणाशी तरी बोला. तारण गेले की नाही या वादाआड अनेकदा तेच लपलेले असते.

राहिला पुन्हा बाप्तिस्म्याचा प्रश्न. सिप्रियनच्या काळातही पाखंडी गटांत झालेला बाप्तिस्मा धरायचा की नाही यावर त्याचे रोमचा बिशप स्टीफन याच्याशी जोरदार भांडण झाले. पण मंडळीत बाप्तिस्मा होऊन पडलेला आणि परतलेला माणूस पुन्हा पाण्यात घालायचा नाही, यावर दोघांचे एकमत होते. त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना करत आणि त्याला आत घेत. आजही कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लूथरन, रिफॉर्म्ड, अँग्लिकन आणि आम्ही मेथडिस्ट, कोणीच पडून उठलेल्याला दुसऱ्यांदा बाप्तिस्मा देत नाही. बाप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल तान्ह्याचा स्नानसंस्कार धरत नाहीत, पण तुम्ही जाणत्या वयात, विश्वासाने बाप्तिस्मा घेतलेला आहे, त्यामुळे त्यांच्या हिशेबानेही तो सहसा पुन्हा लागत नाही. ‘पहिला विश्वास खोटाच होता’ असे म्हणून एखादा पाळक आग्रह करील. तसे झाले तर त्यांना विचारा की तो खोटा होता हे त्यांनी कशावरून ठरवले, आणि मधली वर्षे पुन्हा आली तर ते तिसऱ्यांदा पाण्यात उतरवणार का.

तुम्ही आईच्या मंडळीत परतायचे ठरवले तर तिथेही पाणी लागणार नाही, पापनिवेदन लागेल. बाप्टिस्ट मंडळीत राहायचे ठरवले तर पाळकांना मधल्या वर्षांविषयी सरळ सांगा आणि पुढच्या प्रभुभोजनाला बसा. आणि मेहुण्याशी जेवणाच्या टेबलावर वाद घालण्याआधी ‘कशाने जाते?’ हा प्रश्न त्याला विचारायला विसरू नका. तुम्हा दोघांचा अर्धा वाद तिथेच निवळेल.